स्कोअरबुक अपडेट : डीएचच्या बदल्या जमायला लागल्या
मागच्या वेळी लिहिलं होतं की बेसबॉलची मॅच बघता बघता हाताने स्कोअर लिहायला जमतंय, पिचर (बॉल टाकणारा) १, कॅचर (बॅटरमागचा कीपर) २ हे पोझिशनचे आकडे तोंडपाठ झालेत, पण डीएचची (डेझिग्नेटेड हिटरची) बदली आली की शीट बिघडतंच. म्हणून हे दोन आठवडे फक्त त्याच्याच मागे लागलो, जुन्या मॅचेस लावून, पॉज करून करून.

आधी मी डीएचला आपल्या आयपीएलमधल्या इम्पॅक्ट प्लेअरसारखं धरत होतो आणि तिथेच चुकत होतं. डीएच म्हणजे पिचरच्या वाटची बॅटिंग करणारा माणूस, नि बॅटिंग ऑर्डरमधली त्याची जागा पक्की. त्याच्याऐवजी पिंच हिटर (बदली बॅटर) किंवा पिंच रनर (बदली धावणारा) आला तर तोच पुढे डीएच, त्याच ओळीत खाली नाव लिहायचं, झालं. बाहेर गेलेला परत येत नाही.

खरं डोकं लागतं ते डीएच फिल्डिंगला उतरला की. समजा डीएच चौथ्या नंबरवर, कॅचर आठव्या. कॅचरला लागलं आणि डीएचनेच त्याचा ग्लोव्ह घातला, तर तो चौथ्यावरच राहतो पण टीमचा डीएच गेला तो मॅच संपेपर्यंत गेला, आणि आठव्या नंबरवर आता पिचर बॅटिंगला येणार. दुसरा कॅचर डीएच म्हणून खेळवायला मॅनेजर का कचरतात ते शीटवर बाण काढल्यावर लख्ख कळलं. पिचर दुसऱ्या पोझिशनला गेला तरी तेच, डीएच बाद.

सरावाला १७ मे २००९ ची टॅम्पा बे रेज विरुद्ध क्लीव्हलँड इंडियन्स घेतली, ही जरूर करून बघा. रेजच्या लाइनअप कार्डावर लाँगोरिया आणि झोब्रिस्ट दोघांपुढे थर्ड बेस लिहिलेलं, म्हणजे डीएच कुणीच नाही, त्यात डीएच गेला आणि पिचर अँडी सोननस्टाइन चक्क तिसऱ्या नंबरवर बॅटिंगला. त्याने डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला! ती चौकट भरताना काय आनंद झाला सांगू.

मग ओहतानी, डॉजर्सचा पिचिंग नि बॅटिंग दोन्ही करणारा. २०२२ पासून नियम असा की स्टार्टिंग पिचरच डीएच असेल तर त्याला दोन वेगळी माणसं धरायचं, पिचिंग सोडलं तरी डीएच म्हणून राहू शकतो. २०२५ च्या ऑक्टोबरात धनत्रयोदशीला पहाटे उठून ब्रूअर्सविरुद्धच्या सिरीजची चौथी मॅच लाइव्ह लिहिली होती, सहा इनिंग पूर्ण करून सातवीत तो माउंडवरून (पिचरच्या जागेवरून) उतरला, मी पिचरच्या रकान्यात रेघ मारली आणि घाईघाईत बॅटिंगच्या ओळीतही मारली. त्याच इनिंगमध्ये त्याने तिसरा होमर (होम रन) मारला, आणि लिहायला चौकट कुठाय? ते पान काल नव्याने लिहून काढलं, आता पिचर नि डीएच दोन वेगळ्या ओळी ठेवतो.

आता नॅशनल लीगच्या २०२० च्या आधीच्या मॅचेस घेणार, तिथे पिचर स्वतः बॅटिंग करायचे, म्हणजे डबल स्विच (पिचर नि आणखी एक खेळाडू एकदम बदलून बॅटिंगच्या जागा अदलाबदल करणं). कुणी त्याचं शीट नीट लिहिलेलं असेल तर फोटो टाका.