आमची वाटचाल : पखवाजाशेजारी ठेवलेला बॉक्स

अंबाजोगाईत आम्ही स्पीकरचे बॉक्स बनवायला लागलो ते १९९३ साली, किल्लारीचा भूकंप झाला त्याच वर्षी. पुढची आठ-दहा वर्षं बरी गेली.

मग समोर दुसरं दुकान आलं. त्यांच्या सेटवर स्टिकर असायचा, '२००० वॅट पीएमपीओ'. आतला ट्रान्सफॉर्मर लिंबाएवढा, वाइंडिंग ॲल्युमिनियमचं. पीएमपीओ म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, ती मोजायची ठरलेली पद्धतच नाही, लिहील तेवढे वॅट. आम्ही ४० वॅट आरएमएस, म्हणजे सेट सतत देऊ शकेल तेवढी ताकद, लिहायचो आणि ४०च द्यायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, "तुमच्याकडं चाळीस, अन् तिकडं दोन हजार?" सव्वीस बॉक्स पडून राहिले. बँकेचा हप्ता थकला, घरच्या पाटल्या गहाण पडल्या, कारागिराला नाही म्हणावं लागलं. वर त्या दुकानदारानं बाजारात उठवलं की आम्ही जुना माल रंगवून विकतो. ते मी आजही विसरलो नाही.

त्या दिवसांत टिकलं ते एकच गिऱ्हाईक, गुरुजी. रिटायर शिक्षक, भजनी मंडळाचे पखवाजी. आमचा बॉक्स ऐकून म्हणाले, "आवाज मोठाय, पण पोत्यावर काठी मारल्यावानी वाजतंय. एकादशीला घरी आणा, पखवाजाशेजारी ठेवा."

व्हार्फडेल स्पीकरवाल्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये वादक आणि रेकॉर्डिंग असं समोरासमोर ऐकवलं होतं. आमच्यापाशी चादरीचा पडदा होता. गुरुजींच्या मुलाचा पखवाज अंगणात, माइक चार फुटांवर ठेवून टेप केला. खोलीत टेप करू नका. भिंतींचा घुमारा टेपात येतो आणि वाजवताना पुन्हा एकदा भरतो.

पडद्यामागं एकदा मुलगा, एकदा बॉक्स. मंडळींनी पहिल्या थापेलाच ओळखलं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला जुना ऑसिलोस्कोप, म्हणजे आवाजाची लहर पडद्यावर रेघेनं दाखवणारं यंत्र, होता माझ्याकडं. त्याच्या हिरव्या रेघेनं दाखवलं: थापेच्या क्षणी सरासरीच्या दहापटीहून जास्त ताकद लागते आणि तिथं आमच्या ॲम्प्लिफायरची रेघ वरून कापल्यासारखी सपाट होत होती. ट्रान्सफॉर्मर मोठा गुंडाळला, तांब्याचाच. वीज साठवणारे कपॅसिटर वाढवले. बॉक्स भिंतीपासून दोन हात पुढं ओढला. शहाबादी फरशीवर वाकळ अंथरली, तर टाळाचा कर्कशपणा कुठल्या कुठं गेला! लाखाचा सेट घेणाऱ्यांनी आधी जमिनीवर काहीतरी अंथरावं. आणि आवाज खरा पखवाज त्या खोलीत वाजेल तेवढाच ठेवावा. बेसच्या बटणाला हात लावू नये.

पुढच्या एकादशीला पखवाजाच्या शाईच्या, म्हणजे चढ्या आवाजाच्या बाजूला सगळी मंडळी फसली. गुरुजी कणीक लावलेल्या, खर्जाच्या बाजूला मात्र फसले नाहीत. "ओल्या कणकेचा धुम जमिनीतून मांडीला लागतो. तुमचा नुसता हवेतून येतोय," म्हणाले. तरी तो बॉक्स रोख पैसे मोजून त्यांनीच घेतला, आणि त्यांच्या शब्दावर आसपासच्या मंडळांनी अकरा घेतले. पाटल्या सुटल्या. कारागीर परत आला.

गुरुजी आता नाहीत. तो धुम मला अजून पुरता सापडलेला नाही. यंदा १५ इंची वूफर लावून, १९ एमएम प्लायचा वेगळा बॉक्स केलाय. दर एकादशीला त्यांचा मुलगा पखवाज घेऊन दुकानात येतो, आम्ही चादर बांधतो.