पुठ्ठ्याची नळी

तागा संपला की आतली पुठ्ठ्याची नळी उरते. पोरं तिची दुर्बीण करतात, तलवार करतात, एकमेकांच्या पाठीत हाणतात. मग ती कपाटामागे उभी राहते. "असू दे, कशाला तरी होईल."

जपानी वास्तुकार शिगेरू बान यांनाही ती टाकवली नाही. एका प्रदर्शनातल्या कापडी पडद्यांच्या नळ्या त्यांनी ऑफिसात ठेवून दिल्या. १९८६ मध्ये टोकियोत फिनलंडचे वास्तुकार आल्व्हार आल्तो यांच्या प्रदर्शनाची मांडणी करताना लाकूड परवडेना, तेव्हा त्याच कामी आल्या.

नळीत गुपित काही नाही. कागदाच्या पट्ट्या गोंद लावून दांड्यावर तिरक्या गुंडाळायच्या, थरावर थर, आणि हव्या त्या लांबीला कापायच्या. उभा भार ती मुकाट सोसते. वैरी एकच, पाणी. कापलेलं टोक ओल पितं आणि थर सुटू लागतात. म्हणून वरून लेप द्यायचा आणि बूड जमिनीला टेकू द्यायचं नाही.

१९९५ च्या भूकंपानंतर जपानमधल्या कोबेमध्ये हे बूड टेकलं बिअरच्या क्रेटवर. क्रेटमध्ये वाळूच्या पिशव्या, वर १०६ मिलिमीटर व्यासाच्या, ४ मिलिमीटर जाडीच्या नळ्या खेटून उभ्या. मधल्या फटीत चिकट स्पंजची पट्टी, डोक्यावर तंबूचं कापड. झालं घर. शेजारी ५८ जाड नळ्यांचं चर्च स्वयंसेवकांनी पाच आठवड्यांत उभारलं. तात्पुरतं म्हणून बांधलेलं ते १० वर्षं टिकलं, मग सुटं करून तैवानला गेलं, आणि तिथे पुन्हा उभं राहिलं. आपल्याकडचे 'कायमस्वरूपी' पूल आठवतात, पण जाऊ दे.

सरकारी माणसांचा मात्र कागदावर विश्वास नाही, म्हणजे कागदपत्रांवर आहे, नळ्यांवर नाही. २००० साली जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या जागतिक प्रदर्शनात, बान यांच्या जपानी दालनात कागदी जाळीला लाकडी कमानींचा आधार द्यावाच लागला. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला तर पुरेशा जाड नळ्याच तिथे बनेनात, त्यामुळे २०१३ च्या कॅथेड्रलमध्ये नळ्यांच्या आत लाकडी तुळया आहेत. २०१४ मध्ये बान यांना प्रित्झ्कर हे वास्तुकलेतलं मोठं पारितोषिक मिळालं.

२००१ च्या भूकंपानंतर भुजला तीच कागदी घरं बांधायची ठरली. छपराला बांबू आणि चटया मिळाल्या, जमीन मातीची केली. अडलं पायाशी. गुजरातेत दारूबंदी, बिअरचे क्रेट आणणार कुठून? शेवटी पडलेल्या घरांचा राडारोडाच पायात भरला.