लग्न थांबल्यावर त्या पोरीचं काय?

शनिवार, रात्री. सांगली.

महिला आणि बालकांच्या हक्कांवरची आंतरराष्ट्रीय परिषद आज संपली. उद्या मिरज, कवठेमहांकाळमार्गे परत. झोप लागत नाही, म्हणून लिहायला बसले.

उद्घाटन, सत्कार वगैरे नेहमीसारखं. डोक्यात राहिलंय ते दुपारचं सत्र. बालहक्क संहिता संयुक्त राष्ट्रांनी 1989 मध्ये मंजूर केली, भारतानं 1992 मध्ये स्वीकारली, हे आम्हा अंगणवाडी पर्यवेक्षिकांना पाठ असतं. पण बाराव्या कलमावर आज कुणीतरी जीव ओतून बोललं. मुलाच्या आयुष्याचा निर्णय होत असेल तर आधी त्याचं म्हणणं ऐका, आणि त्याला वजन द्या.

मग नेपाळहून आलेल्या ताई बोलल्या. त्यांच्याकडे मुलगा-मुलगी दोघांसाठी लग्नाचं वय 20. तरी कित्येक मुली आपणहून पळून जाऊन लग्न करतात, म्हणाल्या; घरी राहून पुढं काही होणार नाही, हे त्यांना कळून चुकलेलं असतं.

मला आमच्या वाडीवरची ती पोर आठवली. 1098 वर, म्हणजे मुलांच्या मदतीच्या फोनवर, कुणीतरी कळवलं होतं. ग्रामसेवक, पोलीस आणि मी पोचलो तेव्हा हळद लागली होती. बापाकडून हमीपत्र लिहून घेणं चाललेलं, आणि ती ओढणीनं कोपरापर्यंतची हळद पुसत मला म्हणाली, “मॅडम, लगीन मोडलं. आता शाळंत घालणार का मला?”

अहवालात ‘बालविवाह रोखला’ एवढंच गेलं. तिच्या प्रश्नाला त्यात रकाना नाही.

शाळा सुटली ती सातवीनंतर. हायस्कूल पुढच्या गावात. प्रवासाचा पास मुलींना मोफत आहे, पण शाळेच्या वेळेला वाडीवर गाडी नाही. दसरा झाला की आईबाप ऊसतोडीला जाणार. वयात आलेली पोर म्हाताऱ्या आजीजवळ ठेवायची, की फडावरच्या कोपीत, जिला धड दारही नसतं? शिवाय तोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ मोजतात, उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही कोयत्यामागं मिळते. लग्न लावलं की पोरीची काळजी मिटते आणि नवा कोयताही उभा राहतो. त्या आईचा मला राग येत नाही. तिला दुसरी वाट कुणी दाखवली?

आणि लग्न एकदा लागलं की गुंता वाढतो. 2006 च्या कायद्यानं बालविवाह आपोआप रद्द होत नाही. रद्द करून घ्यायला त्या मुलीच्याच नावानं कोर्टात अर्ज लागतो, तोही सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. सासरी नांदणारी पोर हे कुणाच्या जिवावर करणार?

मी उठून हेच विचारलं. मंचावरच्या वकीलबाईंनी सरळ उत्तर दिलं. 2015 च्या बाल न्याय कायद्यात, जिचं लग्न लावून देण्याचा धोका आहे ती मुलगी ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ धरली जाते. तिला बालकल्याण समितीपुढं नेता येतं, तिच्या शिक्षणाची, राहण्याची सोय मागता येते. हमीपत्रावर थांबायचं कारण नाही.

सोमवारी तालुक्याला बैठक आहे. लग्न थांबवलेल्या सगळ्या मुलींची यादी घेऊन जाणार आहे. कोण शाळेत परत गेली, कोण घरी बसली, कुणाचं लग्न मागाहून गुपचूप उरकलं, सगळं नावासमोर लिहून. आणि आईबाप तोडीला गेल्यावर मुलांना गावातच राहता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाची मागणी, दसऱ्याच्या आत. ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेल्यावर ते मंजूर होऊन उपयोग नाही.