तिशी पार केलेला सेंटर

सकाळी बास्केटबॉल खेळून झाल्यावर पार्क चौकात चहाच्या गाडीवर एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या लेकर्स टीमचाच विषय. अनुभवी सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, ट्रेड (अदलाबदल) करून आणावा का? पोरं ऐकेनात. "म्हाताऱ्यासाठी ड्राफ्ट पिक, नवा पोरगा निवडायचा हक्क, कशाला घालवायचा बे?"

मला अजिबात पटलं नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत टोरंटोनं २६ वर्षांचा वॅलान्च्युनास आणि आणखी दोघं देऊन ३४ वर्षांचा मार्क गॅसोल आणला. त्याचे पॉइंट घटले, खरंय. पण फिलाडेल्फियाविरुद्ध सात सामने त्यांच्या सेंटरला, एम्बीडला अडवायला तोच उभा राहिला, आणि जूनमध्ये टोरंटो चॅम्पियन! हां, २००८ ला फिनिक्सनं वय झालेल्या सेंटर शॅकसाठी मॅरियन दिला आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडले, हेही मान्य. वेगानं पळणारी टीम होती ती, तिथं तो बसलाच नाही. म्हणजे वय नाही, टीमला काय हवंय ते बघायचं.

आमचे अण्णा पन्नाशीचे, दोन्ही गुडघ्यांना क्रेप बँडेज. आज एकदाही उडी मारली नाही. पण पाय रोवून, हात छातीशी धरून असा स्क्रीन लावला, म्हणजे माझ्यामागच्या खेळाडूची वाट अडवली, की मला दोनदा मोकळा शॉट मिळाला. दोन्ही गेले आत.

उद्या त्या पोरांना अण्णांच्या समोरच्या टीममध्ये घालणार आहे.