काळवीट आणि काळा दगड: सोलापूरच्या माळरानाचा प्रवास

दगडात वन्यप्राणी घडवणाऱ्याने आधी तो प्राणी त्याच्या मुलखात पाहावा आणि दगड त्यानंतर निवडावा, या विचाराने आम्ही काही मित्र हिवाळ्यात पुण्याहून सोलापूरला गेलो. सोलापूरची निवड करण्याचे कारण साधे होते. तेथे काळवीट आहे, आणि त्याच्या पायांखाली दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे.

शहरापासून बार्शी रस्त्याने सुमारे २० किलोमीटरवर नान्नज लागते. तेथील माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले. माळढोक आता इतका दुर्मीळ झाला आहे की तो दिसेलच असे धरून जाऊ नये. परंतु काळविटांचे कळप दिसतात, आणि नशीब असेल तर खोकड किंवा लांडगाही दिसतो. सूर्य वर येण्यापूर्वी माळावर पोहोचावे. छायाचित्रे काढण्याचा मोह आवरून वहीत रेखाटने करावीत, कारण खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची रेषा हाताने काढल्याशिवाय छिन्नी धरलेल्या हाताला ती सापडत नाही. आपल्या हद्दीत वावरणारा नर नाक वर उचलून चालतो तेव्हा त्याची पिळदार शिंगे मागे पाठीकडे झुकतात. ही ढब शिल्पासाठी मोलाची आहे. सरळ उभी, सुटी शिंगे बेसाल्टमध्ये काढली तर पहिल्याच चुकार घावाने ती तुटतात. पाठीकडे झुकलेल्या शिंगांखाली मात्र दगडाचा आधार ठेवता येतो. पायांचेही तसेच आहे. ते मोकळे न कोरता गवताच्या जुडीत बुडालेले ठेवावेत, किंवा पाय दुमडून रवंथ करणारा काळवीटच निवडावा. आपल्या शिवमंदिरांतील नंदी बहुधा बसलेलाच का असतो, याचे एक उत्तर मला या माळावर मिळाले.

आता दगडाविषयी. छिन्नीने टोचलेला बेसाल्ट फिकट राखाडी दिसतो आणि तोच घासून गुळगुळीत केला की जवळजवळ काळा होतो. प्रौढ नराची पाठ काळसर असते, पोट आणि डोळ्यांभोवतीची कडी पांढरी असतात. म्हणजे पाठ घासावी, पोट टाकीच्या खुणांसह खरबरीत सोडावे. रंगाचा एक थेंबही न लावता एकाच दगडात दोन्ही छटा उतरतात. काळवीट बेसाल्टमध्येच घडवावा, असे माझे ठाम मत या एका गुणामुळे झाले आहे. मादी आणि पाडस पिवळसर तपकिरी असल्यामुळे त्यांना हा दगड तितका शोभत नाही.

शहराबाहेर पाटे-वरवंटे आणि जाती घडवणाऱ्या एका पाथरवट काकांनी आम्हांला दगड पारखायला शिकवले. हातोडीने हलके ठोकल्यावर दगड खणखणीत वाजला तर घ्यावा. आवाज बद्द आला तर आत चीर असते. बुडबुड्यांची छिद्रे किंवा पांढरे खडे असलेला दगड चेहऱ्याच्या बाजूला चालत नाही. गेरूने चारही बाजूंवर आकृती आखावी, टोकदार छिन्नीने जादा भाग उतरवावा, पसरट छिन्नीने पृष्ठभाग सारखा करावा आणि शेवटी पाणी घालत कुरुंदाच्या दगडाने घासावे. बेसाल्टवर छिन्नीचे टोक लवकर बोथट होते. काका भट्टीत ते लाल करून ठोकत आणि पाणी देत; ज्यांना ही सोय नाही त्यांनी टंगस्टन कार्बाइडच्या टोकाच्या छिन्न्या घ्याव्यात. डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला धूळ अडवणारा मास्क हवाच, कारण दगडाची बारीक धूळ फुप्फुसांत साचते.

सवड असेल तर विजापूर रस्त्याने भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडल येथे जावे. तेथील मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे, आणि त्या काळच्या हाताची टाकी किती खोल व कशी पडत असे, हे तेथे जवळून पाहता येते.

जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे मुक्कामाच्या जागा भरलेल्या असतात, तेव्हा खोली आधीच ठरवावी. नान्नजला प्रवेशाची आणि वाटाड्याची चौकशी वनविभागाकडे आधी करावी. अभयारण्यातून दगड, पीस, शिंग काहीही उचलू नये. काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे आणि नमुन्यासाठीसुद्धा त्याचे शिंग जवळ बाळगणे गुन्हा ठरते. दगड पाथरवटाकडून रास्त दाम देऊन घ्यावा. १५ सेंटिमीटरचा घन ठोकळा सुमारे १० किलो भरतो, आणि नवख्याला तेवढा पुरे. फूटभराचा ठोकळा ८० किलोच्या पुढे जातो. तो रेल्वेने हातात आणण्याचा विचार करू नये. काकांकडूनच त्याला ओबडधोबड आकार देऊन घ्यावा, म्हणजे जादा दगड तेथेच उतरतो आणि वाहतुकीचा खर्चही कमी होतो.