मांजराच्या फुगवट्यात दोन दिवस: कयाक, येडी बाभळ आणि पंक्चर

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार-रविवार मी आणि माझा भाचा मांजरा धरणात हवेच्या दोन कयाक, म्हणजे फुगवून वल्हवायच्या छोट्या होड्या, घेऊन होतो. धरण धनेगावचं, बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं. आम्ही उतरलो पलीकडच्या अंगाला, कळंब तालुक्याच्या बाजूने. दोन दिवसांत दोन पंक्चर झाली आणि एक हवा-गळती वेगळीच निघाली. पाणी, पक्षी, पहाट यांच्यावर लिहिण्याजोगं पुष्कळ आहे, पण आपल्या भागात हवेची होडी घेऊन उतरणाऱ्याला आधी पंक्चरचं सांगायला हवं, म्हणून तेच सविस्तर लिहितोय.

आपल्या धरणांत होडी फाटते ती खडकाने नाही, काट्याने. कारण साधं आहे. मांजरा नदी बालाघाटच्या डोंगरातून येते, पाऊस झाला तर येते, नाही तर धरण कोरडं राहतं. २०१६ साली याच धरणाचा तळ भेगाळला होता आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. अशी दोन-तीन कोरडी वर्षं गेली की गाळपेरात येडी बाभळ माजते. मग एखाद्या परतीच्या पावसात धरण भरतं आणि ती सगळी झुडपं उभीच्या उभी पाण्याखाली जातात. वरून बघाल तर नितळ तलाव, वीतभर खाली काट्यांचं रान. काठालगतचं पाणी सगळ्यात फसवं. पाण्याबाहेर काळपट, सुकलेली टोकं दिसली की तिथून निदान पन्नास फूट लांब राहा, कारण दिसतात त्याच्या कितीतरी पट फांद्या खाली असतात.

पहिलं पंक्चर असंच झालं. सकाळी नऊच्या सुमारास एका पाणकावळ्याच्या थव्याजवळ जायच्या नादात मी काठाकडे सरकलो. उजव्या बाजूच्या नळीला काहीतरी घासलं आणि बारीक फुसफुस सुरू झाली. वाकून पाहिलं तर काटा बोटाच्या दोन पेरांएवढा, निम्मा आत. माझा हात काट्याकडे गेला तेवढ्यात थर्माकोलच्या तराफ्यावर जाळं ओढत बसलेले एक मामा ओरडले, "अहो, उपसू नका त्याला! काठाला या आधी. काटा हाय तवर बूच हाय."

मामांचं ऐकलं म्हणून वाचलो. काटा जागेवर असेपर्यंत हवा हळू जाते, उपसला की भोक मोकळं. त्या दिवशी काठ जेमतेम दोनशे फुटांवर होता, तरी पोचेपर्यंत नळी दबायला लागली होती. होडीला तीन हवेचे कप्पे असतात ते यासाठीच. एक बसला तरी बाकीचे दोन तुम्हाला तरंगत ठेवतात, पण लाइफ जॅकेट अंगात आणि नीट बांधलेलं हवं. आम्ही दोघांनी ते पूर्ण वेळ घातलं होतं.

काठावर येऊन मी पहिली चूक केली. सोबत सायकलचा पंक्चरचा डबा होता: सोल्युशन, रबराच्या चकत्या, कानस. लहानपणापासून सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढत आलोय, तेच इथे केलं. घासलं, सोल्युशन लावलं, वाळू दिलं, चकती दाबली. तासाभरात हवा भरल्यावर चकती कडेने उचलली गेली आणि हातात आली. रबराचं सोल्युशन रबराला धरतं. माझी होडी पीव्हीसीची आहे, आणि पीव्हीसीला ते धरत नाही. गावातल्या पंक्चरवाल्याकडे ट्रॅक्टरची ट्यूब अगदी पक्की जोडून मिळते, पण त्याच्या गरम प्रेसखाली पीव्हीसीची होडी देऊ नका, वितळेल.

शेजारच्या शेतमालकाने आपुलकीने पाइपलाइन जोडायचं सोल्युशन आणून दिलं. "हे बी पीव्हीसीचंच हाय की," ते म्हणाले, आणि त्यांचा तर्क चूक नव्हता. पण ते कडक पाइपांसाठी असतं. वाळलं की काचेसारखं ठिसूळ होतं, होडी वाकली की तडकतं. फेविक्विक आणि एमसील यांचंही तेच. शेतमालकांचे आभार मानले आणि डबा परत दिला.

म्हणून निघण्याआधी आपली होडी कशाची आहे ते ओळखा. चकचकीत, गुळगुळीत, घडी पडली की पांढरट रेघ दिसते ती बहुधा पीव्हीसी. मळकट, रबरासारखी खरखरीत पाठ असते ती हायपॅलॉन, म्हणजे एक कृत्रिम रबर. भाच्याची होडी तिसऱ्या जातीची, बाहेर नायलॉनचं कापडी कव्हर आणि आत टीपीयू या लवचीक प्लास्टिकची पातळ फुगवणी. प्रत्येकीला गोंद वेगळा लागतो. होडीबरोबर आलेल्या डबीवर ते लिहिलेलं असतं. ते घरी वाचा, काठावर नाही.

आता ठिगळ कसं लावायचं ते. दुसऱ्या वेळी आम्ही घाई केली नाही, आणि ते टिकलं.

आधी भोक नेमकं शोधा. काट्याचं दिसत होतं, पण काटा आरपार जाऊन समोरच्या भिंतीलाही टोचला असू शकतो, हे बहुतेक जण विसरतात. नळी टणक फुगवली, किराणा दुकानातली शाम्पूची एक पुडी तांब्याभर पाण्यात घोळली, आणि जुन्या रंगाच्या ब्रशने सगळीकडे फेस फिरवला. जिथे बुडबुडे वाढत जातात तिथे भोक. वारा नसेल तर ओला गाल जवळ नेला तरी हवा जाणवते. सापडलं की बॉलपेनने भोकावर फुली मारा, पण फुलीच्या रेघा लांब काढा, ठिगळाच्या बाहेरपर्यंत. साफ करताना मधली खूण पुसली जाते, बाहेरच्या टोकांवरून मध्य पुन्हा सापडतो. ही युक्ती सोडू नका.

मग हवा पूर्ण सोडून तो भाग फळीवर सपाट करा. ठिगळ होडीच्याच कापडाचं, गोल कापलेलं. चौकोनी कापलंच तर कोपरे गोल करा, कोपरा पहिला उचलतो. भोकाच्या चहूबाजूंना निदान अडीच-तीन सेंटीमीटर पुरेल एवढं. फ्लेक्सच्या बॅनरचा तुकडा चालेल असं वाटतं, पण त्याचा थर पातळ असतो आणि हवेच्या दाबाने सुटतो.

खरं काम साफसफाईचं. निम्म्याहून जास्त ठिगळं इथेच फसतात असं माझं मत झालंय. सनस्क्रीन, हाताचं तेल, गाळ, सगळं निघालं पाहिजे. औषधाच्या दुकानातल्या सर्जिकल स्पिरिटने आधी तेलकटपणा काढा, मग पीव्हीसीसाठी एमईके नावाचं द्रावक. ते तालुक्याला मिळेलच असं नाही, घरूनच छोट्या बाटलीत घेऊन जा. अ‍ॅसिटोनही चालतं. रंगकामाचा थिनर नको, तो तेलकट थर सोडतो. हायपॅलॉन असेल तर पॉलिश पेपरने हलकं घासा. पीव्हीसीला घासायची गरज नाही. साफ केलेल्या जागेला नंतर बोट लावायचं नाही, भाच्याने दोनदा लावलं आणि मी दोनदा पुन्हा पुसलं. ही द्रावकं पेट घेतात, तेव्हा काम मोकळ्या हवेत, आणि जवळ कोणी बिडी ओढत असेल तर त्याला विनवून बाजूला न्या.

गोंद पॉलियुरेथेनचा, दोन भागांचा असेल तर उत्तम. होडीवर आणि ठिगळावर, दोन्हींवर, पातळ हात. दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यायचं, मग दुसरा पातळ हात. बोटाच्या पाठीला चिकटतो पण गोंद बोटावर येत नाही, तेवढ्यावर ठिगळ मधून सुरू करून कडेकडे दाबत न्यायचं. आम्ही पोळपाट-लाटण्यातलं लाटणं वापरलं, छान चाललं. वर सपाट दगड ठेवला.

वेळ मात्र निवडा. सकाळी दव असतं, पाण्याकाठी जास्तच. गोंदातला द्रावक उडताना जागा थंड होते, तिच्यावर दमटपणा बसतो, आणि गोंद दुधाळ दिसायला लागतो. तसं ठिगळ सुटतं. भर दुपारी उन्हातही नको, वरचा थर लगेच वाळतो आणि आतलं ओलंच राहतं. दव पूर्ण उडाल्यावर, अकराच्या सुमारास, लिंबाखालची सावली आम्हाला योग्य वाटली.

आणि मग थांबणं. पूर्ण दाबाने हवा भरण्याआधी चोवीस तास. एवढा वेळ सहलीत कुणाकडे नसतो, म्हणून माझा आग्रह आहे की टिअर-एडची चिकटपट्टी सोबत ठेवा. पीव्हीसी आणि विनाइलला बी प्रकार, रबर, नायलॉन, हायपॅलॉनला ए. अदलाबदल केली तर धरत नाही. जागा कोरडी, स्वच्छ, हवा काढलेली असली की लावल्या लावल्या काम चालतं. आम्ही शनिवारी रबराची चकती फेकून पट्टीच लावली आणि दुपारी पुन्हा पाण्यात गेलो. गोंदाचं ठिगळ रविवारी लावलं.

दुसरं पंक्चर भाच्याच्या होडीचं, आणि ते पाण्यात नाही, काठावर झालं. सराट्याने. शेतातून सायकल नेलेल्या कुणालाही सराटा सांगायला नको. होडी फुगवताना खाली ताडपत्री अंथरायला आम्ही विसरलो. तिथून उचलूनच न्यायची, ओढायची नाही, हा नियम करा. कापडी कव्हर असलेल्या होडीत चेन उघडून फुगवणी बाहेर काढावी लागते. भोक सुईएवढं होतं, त्याला ठिगळ लागलं नाही. युरेथेनच्या गोंदाचा थेंब रुपयाएवढा पसरवला आणि रात्रभर ठेवला. पण त्याआधी कव्हरच्या आतून कापसाचा बोळा फिरवला. सराट्याचं टोक कापडात अडकलेलं असतं, कापूस त्याला धरतो, नखाला ते लागत नाही. दोन टोकं निघाली. ती राहिली असती तर भरताक्षणी पुन्हा तेच.

तिसरी गळती म्हणजे रविवारी पहाटे भाच्याची डावी बाजू मऊ. फेस सगळीकडे फिरवला, कुठेच बुडबुडा नाही. शेवटी झडपेवर फेस ओतला आणि तिथे मोठे फुगे. झडपेच्या बैठकीत वाळूचा एक कण. दोन-चारदा दाबून हवा फुसकन सोडली, कण निघाला, झडप किल्लीने जरा आवळली, संपलं. म्हणजे भोक शोधत बसण्याआधी झडप बघा. माझी होडीही पहाटे मऊ होती, पण ती फक्त गारठली होती. थंड हवा आकसते, त्याला पंक्चर समजू नका.

उलट प्रकार दुपारी, आणि तो जास्त धोक्याचा. पहाटे २० अंशांत अडीच पीएसआय भरलेली नळी, काठावर उन्हात ५० अंशांपर्यंत तापली तर दाब चारच्या आसपास जातो. शिवण उसवते, आणि उसवलेली शिवण काठावर दुरुस्त होत नाही, ती जाणकाराकडेच न्यावी लागते. जेवायला थांबलात तर प्रत्येक कप्प्यातली थोडी हवा सोडा, होडी सावलीत किंवा पाण्यातच ठेवा.

उतरण्याबद्दल थोडं. पाटबंधारे विभागाकडे आधी लेखी विचारा, भिंत आणि दरवाजांच्या बाजूला अजिबात जाऊ नका. काठावर शेतकऱ्यांच्या मोटारी असतात, त्यांच्या केबल पाण्यातून गेलेल्या असतात; तिथून लांब वल्हवा, केबलला वल्हं लावू नका. जाळ्यांच्या तरंगत्या बाटल्या दिसल्या की वळसा घाला, ती कुणाच्या तरी दिवसाची कमाई आहे. मामांना विचारून गेलो तर त्यांनी झुडपं कुठे आहेत, पाणी कुठे मोकळं आहे, सगळं हाताने दाखवलं. कोरड्या वर्षी त्यांनी त्याच जागी हरभरा पाहिलेला आहे, नकाशापेक्षा त्यांना जास्त ठाऊक.

घरी आल्यावर होडी गोड्या पाण्याने धुऊन, दोन दिवस सावलीत पूर्ण वाळवली. घडी घालताना मोड नव्या ठिगळावर येऊ दिला नाही. पत्र्याच्या खोलीत ठेवली नाही, उन्हाळ्यात तिथे गोंद सैल होतो आणि उंदीर वेगळे. लोखंडी पेटीत ठेवलीय. आठ दिवसांनी पुन्हा फुगवून रात्रभर ठेवली, सकाळी फेस लावला. ठिगळाच्या कडेला एकही बुडबुडा नव्हता.