शार्त्र कॅथीड्रलचा एक खण, १:१०० : आता छत

फ्रान्समधल्या शार्त्र या गॉथिक (टोकदार कमानींच्या) शैलीतल्या चर्चच्या एका खणाचं, म्हणजे चार खांबांमधल्या एका भागाचं, हे पुठ्ठ्या-कागदाचं मॉडेल. खांब आणि भिंती उभ्या झाल्या. मधल्या दालनाची रुंदी १६.४ सेंमी, खणाची लांबी ७, छताचा माथा जमिनीपासून ३७ च्या आसपास. ११९४ च्या आगीनंतर बांधलेल्या या दालनात प्रत्येक लांबट खणावर कर्णांवरच्या फासळ्यांनी (छत तोलणाऱ्या कमानींनी) विभागलेलं, चार पाकळ्यांचं स्वतंत्र छत आहे, म्हणून एकच खण घेऊनही मॉडेल अर्धवट वाटत नाही.

सगळी मेख कमानींच्या उंचीत आहे. खणाचा कर्ण १७.८, कर्णावरची फासळी अर्धवर्तुळाकार धरली की उंची ८.९. दालनाच्या रुंदीवरच्या आडव्या कमानीचं अर्धवर्तुळ ८.२ वरच थांबतं, म्हणून ती किंचित टोकदार करायची: दोन कंस, त्रिज्या ८.९३. भिंतीलगतची कमान मात्र जेमतेम ७ रुंद. तीही त्याच पातळीवरून सुरू केली तर त्रिज्या १३ वर जाते आणि कमान भाल्याच्या पात्यासारखी दिसते. इथे गॉथिक गवंड्यांचीच युक्ती वापरली: आधी ३.५ सेंमी सरळ उभी पट्टी, मग ५.९ त्रिज्येचे कंस. खिडकीलाही त्यामुळे जागा मिळते.

फासळ्या २ मिमी माउंटबोर्डच्या (जाड पुठ्ठ्याच्या). कर्णाच्या दोन्ही अखंड ठेवून अर्ध्या-अर्ध्या खाचेत अडकवा, एकीला खाच वरून, दुसरीला खालून. एक तोडून जोडली की केसभर सरकते आणि फासळ्या मिळतात तिथला मधला कळीचा दगड तिरका बसतो.

पाकळ्या भरणं सर्वांत किचकट. भिंतीची कमान वर उचलल्यामुळे तिच्याकडच्या पाकळीचा पृष्ठभाग नांगराच्या फाळासारखा पिळतो. अख्खा कागद तिथे फुगतो, म्हणून कागदाच्या अरुंद पट्ट्या लावायच्या. कर्णाची अर्धी फासळी १४ सेंमी भरते, भिंतीची अर्धी कमान सरळ पट्टीसकट १०.३. म्हणजे दोन्हीकडे ३५ पट्ट्या बसवायच्या तर प्रत्येक पट्टी कर्णाकडे ४ मिमी, भिंतीकडे ३. फेव्हिकॉल टूथपिकने, फक्त टोकांना. पूर्ण पट्टीला लावला तर कागदाला झोळ येतो आणि वाळताना फासळ्या आत ओढल्या जातात. समोरासमोरच्या पाकळ्या बरोबरीने भरा, नाहीतर सांगाडा कलतो.

खिडकी मात्र छताआधीच बसवलेली बरी. नंतर बोटं पोचत नाहीत. दोन उभे झरोके, वर एक गोल: ही दगडी फळीत कोरलेली भोकं आहेत, बारीक दांड्यांची जाळी नव्हे. तेव्हा एकाच बोर्डातून कापा.

पुढे भिंतींना बाहेरून आधार देणाऱ्या टेकू-कमानी. खालच्या दोन कंसांमध्ये चाकाच्या आऱ्यांसारखे बुटके खांब आहेत. वरची तिसरी कमान मागाहूनची मानली जाते. १२६० ची, कॅथीड्रलच्या अभिषेकाच्या (धार्मिक विधीने अर्पण करण्याच्या) वेळची अवस्था दाखवायची असल्याने ती गाळली आहे.